साहेबांचा अर्धा पासवर्ड

सोमवारी सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी मुख्य स्विचने साहेबांना ओळखण्यास नकार दिला. दहा चौदाला पुन्हा दिला. दहा सतराला तिसऱ्यांदा नकार देऊन त्याने पंधरा मिनिटांसाठी दारच लावून घेतले. पडद्यावर एक इंग्रजी ओळ उमटली. तिचा सरळ अर्थ होता, नंतर या.

"यंत्र बिघडलंय," साहेब म्हणाले.

"असेल साहेब," वायरताई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या.

भिंतीकडे तोंड करण्यामागे राग नव्हता, नियम होता. कारखाना चष्म्याच्या काचा घासण्याचा. तीन मजले, एकसष्ट यंत्रे. कुठल्या काचेला कुठला नंबर द्यायचा हे प्रत्येक यंत्राला वायरीतून कळे. मजल्यामजल्यावरच्या वायरी स्विच नावाच्या चपट्या पेट्यांत शिरत, आणि त्या सगळ्या पेट्यांचा कारभार जिन्याखालच्या बिनखिडकीच्या खोलीतल्या मुख्य स्विचकडे असे. एकट्या माणसाच्या हाती एवढी सत्ता नको, म्हणून साहेबांनी नऊ वर्षांपूर्वी त्याच्या पासवर्डचे दोन तुकडे केले. पहिला अर्धा वायरींचा सगळा कारभार पाहणाऱ्या वायरताईंकडे, दुसरा स्वतःकडे. एकाने टाइप करायचे तेव्हा दुसऱ्याने तोंड फिरवायचे. अबोला धरलेल्या दोन जावा एकाच स्वयंपाकघरात वावराव्यात तशी ही दोघे त्या खोलीत वावरत. नऊ वर्षांत एकदाही गडबड झाल्याची नोंद नव्हती.

गडबड मात्र दर तीन महिन्यांनी होत असे. नियमाप्रमाणे तीन महिन्यांनी दोन्ही अर्धे बदलायचे, आणि बदलल्यावर आठवड्याभरात साहेब आपला अर्धा विसरत. वायरताईंच्या हे पहिल्याच वर्षी लक्षात आले. स्विचच्या सेटिंगच्या फाइलमध्ये पासवर्ड दारावरच्या पाटीसारखा स्वच्छ लिहिलेला असे, आणि त्या फाइलची एक प्रत रोज त्यांच्या कॉम्प्युटरवर येई. खोलीत जाण्याआधी त्या प्रतीवर एक नजर टाकायची आणि जाता जाता गप्पा सुरू करायच्या, हा त्यांचा शिरस्ता होऊन बसला.

"आमच्या शेजाऱ्यांनी कासव पाळलंय, साहेब."

"असं?"

"फार म्हातारं आहे. एकोणीसशे एकोणसत्तरचं असेल म्हणतात."

"हं. तोंड फिरवा, ताई," असे म्हणून साहेब खाडखाड टाइप करत, आणि स्विच उघडे.

साहेबांचा अर्धा म्हणजे नेहमी एखादा प्राणी आणि एखादे साल. त्यामुळे वायरताईंच्या शेजाऱ्यांनी या नऊ वर्षांत कासव, ससा, पोपट, मुंगूस आणि एकदा गेंडाही पाळला होता. गेंड्याच्या वेळी साहेब क्षणभर थांबले होते, पण काही बोलले नव्हते. हे सगळे त्यांना कळत होते का, हे वायरताईंना माहीत नव्हते, आणि त्यांनी ते माहीत करून घेतलेही नाही. नियम मोडत होता, पण नियम करणाऱ्याची लाज राखली जात होती.

ती राखायला कारण होते. कामाला लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात वायरताईंनी भलतीच वायर उपटली होती आणि सगळा कारखाना तासभर बसून राहिला होता. मुख्य कार्यालयातून विचारणा आली तेव्हा साहेबांनी फोनवर एवढेच सांगितले, "मीच सांगितलं होतं काढायला." विषय संपला. आता साहेबांच्या निवृत्तीला पाच महिने उरले होते. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी एकाच कामाचा अहवाल दोनदा पाठवला आणि एका बैठकीला दुसऱ्याच दिवशी जाऊन बसले, तेव्हा मुख्य कार्यालयाने गोड भाषेत पत्र पाठवले, की आपली इच्छा असल्यास आपण लवकर विश्रांती घेऊ शकता. ते पत्र साहेबांनी वाचले तेव्हा वायरताई त्यांच्या टेबलाखाली वायर जोडत होत्या. म्हणून ते फक्त त्यांनाच ठाऊक.

"पाच महिने राहिलेत, ताई," टेबलाच्या वरून आवाज आला होता. "इथून मला माझ्या पायांनी बाहेर पडायचंय. कुणी दंडाला धरून नेलेलं नको."

टेबलाखालून वायरताई "हो साहेब" म्हणाल्या होत्या.

मग गेल्या महिन्यात ऑडिटर आले. हळू बोलणारे, चहा गार करून पिणारे गृहस्थ. त्यांच्या अहवालाच्या चौदाव्या पानावर लिहिले होते, की स्विचमधले पासवर्ड कोणालाही वाचता येतील असे उघड्यावर पडले आहेत. वायरताईंनी त्यांना एक मधला मार्ग सुचवून पाहिला. पासवर्ड नुसता उलटासुलटा करून ठेवायचा, म्हणजे सहज बघणाऱ्याला कळणार नाही.

"आणि ठरवून बघणाऱ्याला?" ऑडिटरांनी विचारले.

"त्याला... थोडा वेळ लागेल."

"माझा चहा निवायला जेवढा लागतो त्याहून कमी," ऑडिटर म्हणाले. "ताई, तुम्ही एवढ्या जाणकार. तुम्हीच हे सुचवताय याचं नवल वाटतं."

खरे कारण सांगण्यासारखे नव्हते. 

शेवटी शुक्रवारी पक्का उपाय झाला. तो साहेबांना समजावताना वायरताई म्हणाल्या, "गिरणीसारखं आहे, साहेब. आपण पासवर्ड दिला की स्विच तो दळून टाकतो आणि फक्त पीठ ठेवतो. पुढच्या वेळी आपण दिलेला पासवर्ड पुन्हा दळतो आणि पिठाशी पीठ ताडून बघतो. पिठाचे दाणे परत कुणालाच करता येत नाहीत. मलाही नाही." शेवटचे दोन शब्द त्यांनी जरा जोर देऊन उच्चारले.

साहेब खूश झाले. "वा. मग दाणेही तसेच पाहिजेत," असे म्हणून त्यांनी प्राणी सोडून दिले आणि नवाच भक्कम अर्धा ठेवला. भिंतीकडे तोंड करून वायरताईंनी टकटक मोजली. एकोणीस वेळा झाली. 

तर आता सोमवार होता. बारा वाजता ऑडिटर येणार होते आणि त्यांच्यासमोर दोघांनी मिळून स्विच उघडून दाखवायचा होता. त्याची रंगीत तालीम म्हणून दोघे दहा वाजता खोलीत गेले, आणि बारा मिनिटांनी हे सुरू झाले.

"तुमचा अर्धा बरोबर आहे ना, ताई?" साहेबांनी विचारले.

वायरताईंचा अर्धा बरोबर होता. पण स्विच चूक कुणाची हे सांगत नाही, फक्त चुकले एवढेच सांगतो. एवढी सभ्यता त्याच्यात होती.

"माझंच चुकत असेल," वायरताई म्हणाल्या.

"शक्य आहे," साहेब लगेच म्हणाले. "वयाप्रमाणे होतं. शांतपणे आठवा. मी पाठांतर करताना प्रत्येक अक्षराला एक चेहरा देतो."

"हो साहेब."

दहा तेहतीसला दुसरी फेरी झाली. साहेबांनी एकदा सतरा, एकदा एकवीस आणि एकदा पुन्हा सतरा वेळा टकटक केली. तिन्ही नकार. दार पुन्हा बंद. जिन्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्यांनी हे ऐकलेच होते, त्यामुळे अकरा वाजायच्या आत तिन्ही मजल्यांवर बातमी झाली, की वायरताई पासवर्ड विसरल्या. पॅकिंगमधल्या बाई मुद्दाम खाली येऊन सांगून गेल्या, की ज्या साडीत तो ठेवला तीच साडी नेसून या, आठवेल. ड्रायव्हरने सांगितले, की आठवायचा प्रयत्न सोडला की आठवतो, त्याला गाडीची किल्ली रोज अशीच सापडते. साहेब बाजूला उभे राहून हे सगळे ऐकत होते. पहिल्या सल्ल्याला त्यांनी मान हलवली. दुसऱ्याला हलवली नाही. तिसरा सल्ला घेऊन कोणीतरी येताना दिसले, तेव्हा त्यांनी खोलीचे दार आतून लावून घेतले.

"ताई, समजा," ते खाली बघत म्हणाले. "नुसतं समजा हं. एखाद्या माणसाने केवळ खबरदारी म्हणून आपला पासवर्ड कुठे लिहून ठेवला असेल, तर?"

"कागदावर, साहेब?"

"समजा."

वायरताईंनी काही वेळ रॅकमधल्या हिरव्या दिव्यांकडे पाहिले. पासवर्ड कागदावर लिहिणे म्हणजे कुलूप लावून किल्ली त्याच कडीला टांगणे, हे वाक्य प्रत्येक मजल्यावर काचेच्या चौकटीत लावलेले होते आणि खाली साहेबांची सही होती. त्या वाक्यापायी सहा जणांना मिळून सात मेमो गेले होते. एकट्या स्टोअरकाकांना दोन. पहिला कीबोर्डखालच्या चिठ्ठीबद्दल, दुसरा टोपीच्या आतल्या चिठ्ठीबद्दल.

"त्या माणसाने कुठे ठेवला असेल, साहेब?"

"स्टोअरमध्ये. चौदा नंबरच्या रॅकवर. पाकिटावर 'जुने स्क्रू, पाव इंची' असं लिहून."

"हुशार माणूस दिसतो."

"समजा," साहेब म्हणाले.

स्टोअर मागच्या अंगाला होते. दोघांना आत येताना पाहून स्टोअरकाका खुर्चीवरून उठले आणि त्यांनी टेबलावरचा एक कागद उचलला. "बरं झालं साहेब, तुम्हीच आलात. मी येणारच होतो," असे म्हणून त्यांनी तो दोन्ही हातांनी पुढे केला.

साहेबांनी वाचले. वायरताईंनी खांद्यावरून वाचले. शनिवारी दुपारी रॅक क्रमांक चौदा येथे स्क्रू असल्याचे भासवलेल्या पाकिटात पासवर्डसदृश मजकुराचा कागद आढळला. आपल्या परिपत्रकातील कलम तीननुसार तो न वाचता तत्काळ नष्ट केला. लिहिणाऱ्याचा शोध घेऊन त्यास मेमो द्यावा, ही विनंती.

"न वाचता कसं कळलं पासवर्ड आहे ते?" साहेबांनी विचारले. आवाज त्यांचाच होता, पण जरा लांबून आल्यासारखा.

"पहिलं अक्षर वाचलं, साहेब. शंका आली तसा उलटा धरला."

"काय होतं पहिलं अक्षर?"

"ते नाही सांगता यायचं. कलम चार."

"काका," वायरताई मध्ये पडल्या, "अक्षर कुणाचं होतं, ओळखू आलं का?"

स्टोअरकाकांनी चष्मा काढून पुसला. "ताई, दोन मेमो खाल्लेत मी. तेव्हापासून मला कुणाचंच अक्षर ओळखू येत नाही." मग साहेबांकडे वळून ते अदबीने म्हणाले, "एवढंच सांगतो, की ज्याने कुणी लिहिलं त्याने स्क्रूचं माप चुकवलं. पाव इंची आपल्याकडे कधी नव्हतेच. म्हणून तर उघडून पाहिलं."

साहेबांनी खिशातून पेन काढले, कागदावर 'शोध चालू आहे' असा शेरा मारला आणि सही करून परत दिला.

दोघे खोलीत परत आले. अकरा वीसला तिसरी फेरी झाली. एकूण नकार नऊ. अकरा तीसला ऑडिटर अर्धा तास आधीच दारात आले. त्यांना वरच्या मजल्यावर चहा देऊन बसवण्यात आले. चहा कडकडीत होता, हीच काय ती जमेची बाजू.

स्विच दांडगाईने उघडायचा एक मार्ग होता. तो बंद करून पुन्हा चालू करायचा आणि चालू होताना, तो पासवर्ड विचारायच्या आत, त्याला गाठायचे. पण तो बंद म्हणजे एकसष्ट यंत्रे बंद. मुख्य कार्यालयाला ते त्याच मिनिटाला कळते, आणि कारणाच्या रकान्यात काहीतरी लिहावे लागते. लिहायला एकच गोष्ट होती. वायरताईंनी तो विचार बाजूला ठेवला आणि दुसरा केला. ज्या माणसाला स्वतःच्या स्मरणशक्तीची धास्ती आहे त्याने तीन दिवस हे एकोणीस दाणे नुसते मनात ठेवले असतील का? घोकले असतील. आणि घोकले असतील तर कोणीतरी ऐकले असेल. त्या जिन्यामागे गेल्या आणि साहेबांच्या घरी फोन लावला.

"वहिनी, मी कारखान्यातून बोलतेय. वायरताई."

"बोल गं. बरे आहेत ना ते?"

"बरे आहेत, वहिनी."

"मग माझं काही म्हणणं नाही."

सूर काही ठीक वाटत नव्हता. वायरताईंनी तरी विचारले, "वहिनी, साहेब शुक्रवारपासून घरी काही पुटपुटतात का हो?"

"पुटपुटतात कसले, घोकतात. आंघोळीला गेले की सुरू. दाढी करताना सुरू. मोठा हा, छोटा तो, मध्ये टिंब. शेजारीण विचारत होती, साहेब कुठल्या परीक्षेला बसलेत म्हणून."

"म्हणजे तुम्हाला पाठ झालंय?"

"मला शेवटापासूनही येईल म्हणायला. सांगू?"

"नको, नको, वहिनी."

"अगं, मग फोन कशाला केलास?"

याचे उत्तर सोपे नव्हते. ऑडिटरांनी या वेळी एक प्रतिज्ञापत्र आधीच पाठवून दिले होते, मला दुसरा अर्धा माहीत नाही असे. वायरताईंनी सकाळीच त्यावर सही केली होती. अशा अर्थाच्या सह्या त्यांनी आधीही केल्या होत्या, पण खरी अशी ही पहिलीच. ती तीन तासांत खोटी करायचा त्यांना धीर होईना. शिवाय कळून उपयोग काय? कासव गप्पांत आणता येते. मोठा हा, छोटा तो आणि मध्ये टिंब, हे कुठल्या शेजाऱ्याने पाळावे?

"तुम्ही साहेबांनाच फोन करून सांगा ना," त्या म्हणाल्या.

"मी नाही करायची. आमचं बोलणं बंद आहे."

"काय झालं?"

"काल आम्ही माझ्या बहिणीकडे गेलो होतो. चहा घेतला, गप्पा मारल्या आणि हे उठून गाडी घेऊन घरी आले. एकटेच. मी तिथेच. घरी येऊन मला हाका मारल्या म्हणे, चहा कर म्हणून. उत्तर येईना तेव्हा लक्षात आलं."

वायरताईंनी हसू गिळले. "मग आणायला आले असतील ना?"

"आले की. आणि काय म्हणाले? तू गाडीत बसलीच नाहीस, ही चूक तुझी. अगं, विसरले तर विसरलो म्हणा, मी काय खाणार आहे का? पण नाही. हल्ली तो शब्दच तोंडातून निघत नाही."  मग आवाज खाली आला. "मला काय कळत नाही का, काय होतंय ते? मी रोज बघते. त्यांनी एकदा म्हटलं असतं तर मी सगळं लक्षात ठेवलं असतं त्यांच्यासाठी. मला तेवढंही सांगत नाहीत, याचा राग आहे. त्यांनी फोन करावा. मी उचलेन."

वायरताई खोलीत परतल्या तेव्हा अकरा अठ्ठेचाळीस झाले होते. साहेब स्टुलावर बसून मांडीवर बोटे नाचवत होते, आठवतेय का बघत. त्यांनी आशेने वर पाहिले. हे पाहणे वायरताईंच्या ओळखीचे होते. नऊ वर्षे खोलीत शिरण्याआधी साहेब असेच त्यांच्याकडे बघत आले होते.

"आज माझ्याकडे काही नाही, साहेब," त्या म्हणाल्या. "शेजाऱ्यांनी काही पाळलेलं नाही."

साहेबांची बोटे थांबली. 

"मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "गेंडा जरा जास्तच झाला होता."

"तुमच्या डोक्यात तोच आला होता त्याला मी काय करणार?"

"हं." साहेबांनी हाताने चेहरा पुसला. "पाच महिने काढता आले असते, ताई."

"अजून येतील. वहिनींना येतो तुमचा अर्धा. तीन दिवस ऐकतायत."

साहेब ताडकन उभे राहिले. "तिने सांगितला तुम्हाला?"

"मी सांगू दिला नाही. तुम्हाला सांगतील. फोन मात्र तुम्ही करायचा. आणि आधी कालचं मिटवायचं."

"कालचं काय? गाडीत बसायचं सोडून ती..."

"साहेब," वायरताई म्हणाल्या, "ऑडिटरांचा चहा आता निवला असेल."

साहेबांनी फोन काढला. वायरताईंनी आपला अर्धा टाइप केला, बाजूला झाल्या आणि भिंतीकडे तोंड केले. पुढचे त्यांनी एकाच बाजूने ऐकले.

"हॅलो. मी बोलतोय. हो, माहीत आहे तुला, मी कोण ते. नाही, जेवलो नाही अजून. ते नंतर. कालचं जरा... कालचं म्हणजे, मी घाईत होतो." बराच वेळ शांतता. "नाही. नव्हतो घाईत." पुन्हा शांतता, आधीपेक्षा मोठी. जिन्यावर पावले वाजली आणि थांबली. भिंतीकडे तोंड असलेल्या वायरताईंना बशीवर कप टेकवल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. साहेबांना आला नाही. ते बोलत होते.

"विसरलो," साहेब म्हणाले. "तुला घ्यायचंच विसरलो. आणि हा इथलाही विसरलो. मागचेही विसरत होतो. इथे ताई सांभाळून घेत होत्या." थोडे थांबून ते पुन्हा म्हणाले, "हो. आधी सांगायला हवं होतं. सांगतोय ना आता."

यानंतर साहेबांचा आवाज बराच सैलावला. "हं, सांग. मोठा? बरं. पुढे. टिंब. थांब, हळू, मी एका बोटाने करतोय. पुढे. हे मी असं का ठेवलं असेल? नाही, हसू नकोस, पुढे सांग."

टकटक एकोणीस वेळा झाली. बारा वाजून दोन मिनिटांनी मुख्य स्विच उघडला.

वायरताईंनी वळून पाहिले. साहेब फोन कानाला तसाच धरून पडद्याकडे बघत होते. दारात ऑडिटर उभे होते, एका हातात कपबशी आणि नियमाप्रमाणे तोंड भिंतीकडे.

"वळू का?" त्यांनी विचारले.

उत्तराची वाट न पाहता ते वळले, स्टुलावर बसले आणि त्यांनी सेटिंगची फाइल वरपासून खालपर्यंत पाहिली. कुठेही दाणा नव्हता, सगळे पीठच होते. "साठवण उत्तम," ते म्हणाले आणि त्यांनी तसे लिहिलेही. त्याखाली मात्र दुसरे वाक्य लिहिले. पासवर्डच्या उत्तरार्धाची एक प्रत संस्थेबाहेर, एका घरात, उघड्या स्वरूपात आढळली.

"हे लिहावं लागेल का?" वायरताईंनी विचारले.

"ऐकलं म्हणजे लिहावं लागतं. ऐकू येण्यासारखं बोललं गेलं, त्याला मी काय करू?" ऑडिटरांनी पान उलटले. शेवटच्या पानावर एक प्रश्न छापलेला होता, जबाबदार अधिकाऱ्यास पासवर्ड आठवला का, आणि पुढे दोन चौकोन होते, हो आणि नाही. या पानाची प्रत थेट मुख्य कार्यालयात जाते, हे तिघांनाही ठाऊक होते. ऑडिटरांनी पेन उचलले.

"'नाही' वर खूण करा," साहेब म्हणाले. "झालं ते झालं. आज एकदा 'विसरलो' म्हणून बसलोच आहे."

वायरताई पुढे झाल्या. "साहेब, थांबा. दोन मिनिटं थांबा हो." मग ऑडिटरांना म्हणाल्या, "तुमच्या नियमांत काही सोय नसते का? माणूस आजारी पडतो, गावाला जातो. तेव्हा काय करता?"

ऑडिटरांनी पेन खाली ठेवले. पिशवीतून नियमांचे पुस्तक काढले, बराच वेळ चाळले आणि गार चहाचा एक घोट घेतला. "कलम सतरा. पर्यायी रक्षक. अधिकाऱ्याने आपला अर्धा एका विश्वासू व्यक्तीकडे रीतसर ठेवायचा. तिच्याकडून विचारून घेतला तर तो आठवला असंच धरतात. ही सोय आजवर कोणी वापरली नाही."

"का?"

"त्यासाठी आपण विसरू शकतो हे आधी लिहून द्यावं लागतं."

"रक्षक संस्थेबाहेरचा चालतो?"

"चालत नाही असं लिहिलेलं नाही. मी आत्ताच पाहिलं," ऑडिटर म्हणाले. "फॉर्म भरून द्या, रक्षकाची सही आणा. सही आली की 'हो' वर खूण करतो. आली नाही तर 'नाही' वर. आणि आता लगेच दोन्ही अर्धे बदला. मी दारात होतो, मला टिंब कुठे आहे ते कळलंय."

दोघांनी अर्धे बदलले. या वेळी टकटक अकराच वेळा झाली. साहेबांनी फॉर्मच्या पहिल्या भागात, मी विसरू शकतो, या छापील वाक्याखाली सही केली. सही नेहमीपेक्षा मोठी आली. जाताना ते स्टोअरमध्ये डोकावले. स्टोअरकाकांना काय सांगितले ते कळले नाही, पण 'शोध चालू आहे' हा शेरा त्या दिवशी खोडला गेला आणि कारखान्यातला आठवा मेमो लिहिला गेला. तो लिहिणाऱ्याने स्वतःलाच दिला आणि पोच म्हणून स्वतःच सही केली.

फॉर्म सोमवारी संध्याकाळी घरी गेला. मंगळवारी वहिनींनी तो एकदा वाचला. बुधवारी त्यांनी वायरताईंना फोन केला.

"सही करायला माझी ना नाही गं. पण यात सहावं कलम बघ. मी हा पासवर्ड कोणालाही, पती किंवा पत्नीसह, सांगणार नाही."

"छापील असतं ते, वहिनी. सगळ्यांसाठी असतं."

"असू दे. पण मग ते विसरले की मी सांगायचं कुणाला? त्यांनाच ना? का त्यांना सोडून बाकी कुणाला? वाचल्याशिवाय सही करणारी बाई नाही मी. विचार त्या माणसाला."

वायरताईंनी विचारले. ऑडिटरांनी फोनवर सहावे कलम दोनदा वाचायला लावले. मग म्हणाले, की मुद्दा बरोबर आहे, नियम करताना हे कोणाच्या ध्यानात आलेले दिसत नाही, आणि आता तो नियम समितीपुढे ठेवावा लागेल. समितीची बैठक कधी, हे त्यांना माहीत नव्हते.

तोवर नवा अर्धा वहिनींना अधिकृतपणे सांगता येत नाही. मंगळवारच्या दाढीपासून तो त्यांना पाठ आहे. साहेब रोज वेळेवर येतात. बुधवारी त्यांनी वायरताईंना विचारले, की तुमच्या शेजाऱ्यांकडे हल्ली काय आहे. वायरताई म्हणाल्या, काही नाही, ते घर बदलून गेले. गुरुवारी संध्याकाळी साडेपाचपर्यंत समितीचे उत्तर आले नव्हते, फॉर्मवर सही झाली नव्हती, आणि ऑडिटरांच्या शेवटच्या पानावरचे 'हो' आणि 'नाही' हे दोन्ही चौकोन कोरे होते.